शनिवारचा वर्ग आणि शिलाहारांचं कोकण

बँकेतली नोकरी संपत आली तेव्हा मी मुंबईतल्या एका अभ्यासवर्गात नाव घातलं. विषय दोन: पुरातत्त्वाची तोंडओळख आणि कोकणाचं पूर्वमध्ययुग, म्हणजे साधारण सहाव्या शतकापासून तेराव्यापर्यंतचा काळ. शनिवारी दुपारी व्याख्यानं, अधूनमधून एखाद्या रविवारी लेण्यांत नाहीतर गावोगाव पायपीट. वर्गात निवृत्तीला टेकलेले होते, नोकरी सांभाळून येणारे होते, घरचं आवरून धावतपळत पोचणाऱ्या होत्या. पदवीसाठी कुणीच आलं नव्हतं. त्या वर्गानं माहिती तर पुष्कळ दिली, पण माझी बघण्याची आणि बोलण्याची रीतच बदलून टाकली. त्यातलं जे मनात घट्ट बसलं, तेवढं इथे मांडते.

१. आपल्या दारातलाच काळ आपल्याला ठाऊक नसतो.

शाळेत सातवाहन शिकलो, मग देवगिरीचे यादव, आणि तिथून थेट शिवाजी महाराज. मधली शतकं चालुक्य आणि राष्ट्रकूट या दोन नावांत उरकलेली. पण जोगेश्वरी, बोरिवलीचं मंडपेश्वर आणि घारापुरी ही लेणी सहाव्या शतकाच्या आसपासची, आणि परळला १९३१ मध्ये रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून निघालेली भव्य शिवमूर्तीही साधारण त्याच सुमाराची. पुढे इसवी सन ८०० च्या आगेमागे शिलाहार आले आणि १२६५ पर्यंत उत्तर कोकणावर त्यांचं राज्य राहिलं. आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून, नंतर बरंचसं स्वतःच्या बळावर. साडेचारशे वर्षं! मराठेशाही आणि इंग्रजांचा अंमल एकत्र धरला तरी एवढी भरत नाहीत. जोगेश्वरी आणि बोरिवली ही माझ्यासाठी जन्मभर लोकलची स्टेशनं होती. त्यांना दीड हजार वर्षांचं वय आहे, हे कळल्यावर रोजचा प्रवासही पहिल्यासारखा राहिला नाही.

२. राजाच्या स्तुतीपेक्षा दात्याचा हिशेब जास्त बोलतो.

कान्हेरीला शाळेच्या सहलीबरोबर सगळेच जाऊन येतात. तिथे नवव्या शतकातले शिलाहारकालीन लेख आहेत, हे मला वर्गात कळलं. ते पुल्लशक्ती आणि दुसरा कपर्दी या राजांच्या काळातले, म्हणजे साधारण ८४३ ते ८७७ या वर्षांमधले. त्यांत सार्वभौम म्हणून राष्ट्रकूट अमोघवर्षाचं नाव येतं. पण मी थबकले ती राजांच्या नावांपाशी नाही, दानाच्या तपशिलापाशी. गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून, आलेला अविघ्नाकर नावाचा एक बौद्ध उपासक इथे भिक्षूंच्या निवासासाठी आणि वस्त्रांसाठी शंभर द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवून जातो. दुसऱ्या एका लेखात विहाराची डागडुजी, भिक्षूंची चीवरं आणि पुस्तकं यांच्यासाठी वेगवेगळी तरतूद आहे. पुस्तकांसाठी! डोंगरातल्या त्या विहारात अकराशे वर्षांपूर्वी ग्रंथ होते, ते झिजत होते, नव्यानं लिहून घ्यावे लागत होते, आणि त्यासाठी कुणीतरी आठवणीनं पैसे बाजूला काढले होते. बौद्ध धर्म इथून केव्हाच ओसरला होता, अशी माझी समजूत होती. या एका ओळीनं ती पुसली. तेव्हापासून कुठलाही लेख समोर आला की आधी मी द्रम्म कशासाठी दिले ते शोधते.

३. नोकरीत शिकलेलं कुठे उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

कर्जखात्यात जमिनीची कागदपत्रं तपासणं हे माझं रोजचं काम होतं. खरेदीखत, चतुःसीमा, बोजा आहे का, सही कुणाची, साक्षीदार कोण. ताम्रपटाचं वाचन सुरू झालं आणि मला चक्क ओळखीच्या घरी आल्यासारखं वाटलं. सुरुवातीला देवाला वंदन, मग राजाची वंशावळ, शक आणि तिथी, बरेचदा ग्रहणाचा किंवा संक्रांतीचा पर्वकाळ. मग दान घेणाऱ्याचं गोत्र, त्याची वेदशाखा, तो मूळचा कुठला. मग गाव, जमीन, चारी दिशांच्या सीमा, कुठले कर माफ, दान मोडणाऱ्याला शाप आणि शेवटी लिहिणाऱ्याचं नाव. पत्रे बहुधा तीन, एका जाड कडीत ओवलेले. शिलाहारांच्या कडीवरच्या मुद्रेत गरुड असतो. पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू कोरी सोडलेली आणि पत्र्यांचे काठ किंचित उचललेले, म्हणजे एकमेकांवर घासून अक्षरं झिजायला नकोत. दस्तऐवज पिढ्यान्‌पिढ्या टिकला पाहिजे, ही काळजी त्या पत्र्याच्या घडणीतच आहे.

पण हेच वाचताना एक गोष्ट खुपायलाही लागली. सीमेवरचं झाड नोंदलेलं असतं, ओढा नोंदलेला असतो. जमीन कसणाऱ्याचं नाव मात्र सहसा नसतं. या दानांमुळे शेतकरी जमिनीला आणि नव्या मालकाला जखडला गेला का, यावर इतिहासकारांत मोठा वाद झाला आहे. रामशरण शर्मांनी १९६५ मध्ये भारतीय सरंजामशाहीची मांडणी केली. ब्रजदुलाल चट्टोपाध्यायांनी पुढे याच काळाकडे नवी राज्यं आणि नव्या वस्त्या घडण्याचा काळ म्हणून पाहिलं. आम्ही वर्गात दोन्ही बाजू वाचल्या. मला अजून दोन्हींत तथ्य दिसतं, आणि न लिहिलेली ती नावं मनातून जात नाहीत.

४. जुना काळ आपल्या कल्पनेपेक्षा फार मोकळा असू शकतो.

पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला राष्ट्रकूट काळातला एक ताम्रपट मिळाला. शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६. तिसऱ्या इंद्राचं राज्य चालू आहे आणि संजाणच्या मंडलाचा कारभार पाहतो आहे मुहम्मद नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी. मधुमती सुगतिप या नावानं तो लेखात येतो. त्यानं नदी ओलांडायला फुकट तरींची सोय केली, आणि साळीचा भात, कालवण आणि तूप मिळेल असं अन्नछत्र घातलं. एका ब्राह्मणानं देवीचा मठ बांधला, त्याला जमीन देण्याचं हे दानपत्र याच अरब अधिकाऱ्याच्या वतीनं, राजाच्या संमतीनं झालेलं.

हे ऐकलं तेव्हा वर्गात थोडा वेळ कुणी बोललं नाही. पण हा एकटादुकटा पुरावा नाही. अरब प्रवासी अल-मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला आला होता. तिथल्या मोठ्या मुसलमान वस्तीबद्दल त्यानं लिहिलं आहे आणि शिलाहार राजा झंझ याचं नावही दिलं आहे. कान्हेरीच्या नव्वद क्रमांकाच्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत. एका किनाऱ्यावर, साधारण शंभर वर्षांच्या काळात, हे सगळं. तो काळ भांडणाशिवायचा होता, असं मी म्हणणार नाही. तसं कुठलाच ताम्रपट म्हणत नाही. पण भात, कालवण आणि तूप यांची ती ओळ वाचल्यावर इतिहासातल्या माणसांना दोनच रंगांत रंगवणं मला तरी जमेनासं झालं.

५. खापर हे कचऱ्यातलं सर्वात प्रामाणिक कागदपत्र आहे.

उत्खनन म्हणजे सोन्याचा हंडा, ही कल्पना पहिल्याच प्रात्यक्षिकात गळून पडते. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर मिळतात ती खापरं, आणि ती ढिगानं. ती धुवायची, सावलीत वाळवायची, प्रत्येकावर जागेचा आणि थराचा क्रमांक बारीक अक्षरात टाकायचा, मग काठ, बूड, नळी असे वाटे करायचे. काठाचा तुकडा वर्तुळं आखलेल्या कागदावर सरकवत नेला की एका वर्तुळाशी तो बरोबर जुळतो आणि भांड्याच्या तोंडाचा घेर कळतो. बोटभर तुकड्यावरून अख्खी घागर समोर उभी राहते, हा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

आम्हाला हाताळायला दिलेल्या नमुन्यांत जाड निळसर हिरव्या झिलईचं एक खापर होतं. झिलईत बारीक तडे, आतली माती पिवळट आणि भुसभुशीत. आपल्याकडच्या तांबड्या खापराशी तिचं काही नातं नाही. ही भांडी इराक-इराणकडून यायची. संजाणला २००२ पासून उत्खनन झालं, त्यात ती मिळाली. बरोबर चिनी मातीची भांडी आणि आतून डांबराचा लेप दिलेल्या निमुळत्या बुडाच्या रांजणांचे तुकडेही. ताम्रपट राजाच्या हुकमानं लिहिला जातो, खापर कुणाच्याच हुकमानं फुटत नाही. म्हणून दोघांची साक्ष जुळते तेव्हा तिला वजन येतं. मात्र हे वजन थरावर अवलंबून असतं. कुठल्या थरात मिळालं ते माहीत नसेल, तर सुंदर खापरही मुकं होतं. म्हणून टेकाडावर काहीही दिसलं तरी हात लावायचा नाही, हा नियम आम्हाला सगळ्यात आधी शिकवला गेला.

६. अर्धं शिक्षण शेजारच्या बाकावरून येतं.

कान्हेरीला गेलो तेव्हा आम्ही सगळे मूर्तींकडे पाहत होतो. पालिकेच्या पाणीखात्यात नोकरी केलेले एक गृहस्थ मात्र खडकातल्या पन्हळींच्या मागे मागे चालत होते. पावसाचं पाणी कुठून उतरतं, कुठल्या पोढीत, म्हणजे खडकातल्या टाक्यात, जातं, गाळ कुठे बसत असेल, हे त्यांनी असं समजावलं की शंभराहून जास्त लेण्यांचा तो डोंगर मला पहिल्यांदाच वसाहत म्हणून दिसला. जात्याच्या एका तुटक्या तळीकडे पाहून एका बाईंनी सांगितलं, की दळणारीची बसायची जागा ठरलेली असणार, कारण दगड एकाच बाजूनं जास्त झिजला आहे. बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, आहेत. त्यांच्यावर नौकांची लढाई कोरलेली आहे, वल्ह्यांच्या ओळीच्या ओळी. यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्या युद्धाशी त्यांचा संबंध लावला जातो. त्या युद्धात सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचं हेमाद्रीच्या प्रशस्तीत आहे. वर्गातल्या एका कोळी तरुणानं ती वल्ही मोजली, नौकेचा नाळीकडचा उठाव पाहिला आणि विचारलं, ‘एवढी वल्ही आहेत, म्हणजे वाऱ्याच्या भरवशावर नव्हते हे. लढाई खाडीच्या तोंडाशी झाली असेल का?’ उत्तर कुणाकडेच नव्हतं. पण प्रश्न खरा होता, आणि तो त्याच्या घरातून आला होता. मोठ्या वयात शिकण्याची ही कमाई आहे. जगून झालेलं कुणाचंच वाया जात नाही.

७. काही दगडांसमोर मान फिरवावीशी वाटते, पण फिरवायची नसते.

कोकणात गधेगाळ नावाचे दगड आहेत. वर चंद्र-सूर्य, म्हणजे दान तेवढा काळ टिकावं. मधे दानाचा मजकूर. खाली स्त्री आणि गाढव यांचं शिल्प. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ती शिवी आहे, दगडात कोरलेली. परळला मिळालेला शके ११०८ चा, दुसऱ्या अपरादित्याचा लेख याच जातीचा. साष्टीतल्या माहुलच्या एका वाडीच्या उत्पन्नातून वैद्यनाथाच्या पूजेसाठी २४ द्रम्म लावून दिल्याची त्यात नोंद आहे. वरचा मजकूर संस्कृतात, आणि शाप मात्र मराठीत, सगळ्यांना कळावा म्हणून.

पहिल्यांदा हा दगड पडद्यावर आला तेव्हा वर्ग अवघडून गेला. एवढी पवित्र गोष्ट राखायला जरब बसवायची, तर ती बाईच्या देहावरून, हे बाई म्हणून पाहताना माझ्या पोटात खड्डा पडला. शिकवणाऱ्या बाई न संकोचता बोलत राहिल्या: मोजमाप, शिल्पाची ठेवण, लेखाच्या ओळी, आणि मग सत्ता आणि भय यांचा संबंध. आम्हीही हळूहळू बोलू लागलो. आवडत्या लेण्याइतक्याच काळजीनं नकोशा दगडाचीही नोंद घ्यावी लागते. ज्यांच्या नावानं शिव्या कोरल्या गेल्या त्यांच्याबद्दल बोलायला आपल्याकडे दुसरा पुरावा नाही.

८. ‘एवढंच सांगता येतं’ हे वाक्य म्हणायला बळ लागतं.

अंबरनाथचं शिवमंदिर वालधुनीच्या काठी उभं आहे. भूमिज शैलीचं, शिखर कोसळलेलं, आणि तरी भिंतीची वीत न वीत कोरलेली. त्यातल्या लेखात मांवाणी, म्हणजे शिलाहार मुम्मुणी, राजाचं नाव आणि शक आहे. हा शक आधी ७८२ असा वाचला गेला होता, नंतर तो ९८२ ठरला. एका अंकानं मंदिर २०० वर्षं अलीकडे आलं. आता आपण इसवी सन १०६० म्हणतो. अक्षीच्या शिळालेखाचंही तसंच. शं. गो. तुळपुळ्यांनी तो शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा ठरवला आणि त्यामुळे तो मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो. पण त्या वाचनावरही अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. झिजलेल्या दगडावर ऊन तिरकं पडलं की एक रेघ दिसते, ऊन वर चढलं की नाहीशी होते. नऊ आहे की सात, हे त्या रेघेवर ठरतं.

मी ज्या जगात वावरले तिथे ठाम बोलणाऱ्याला मान असतो. इथे मी मोठमोठ्या अभ्यासकांच्या लिखाणात ‘बहुधा’, ‘संभवतः’, ‘हा भाग वाचता येत नाही’ असे शब्द वाचले, आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला. वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे लेख एकत्र संपादित केले, तो खंड १९७७ मध्ये निघाला. त्यात पुसलेलं अक्षर कंसात आणि शंकेचं अक्षर खुणेसह दिलेलं दिसतं. तो कंस मला त्या पानावरची सगळ्यात सचोटीची जागा वाटते. आता घरातल्या गप्पांतसुद्धा कुणी इतिहासाचा हवाला दिला, की माझ्या मनात आधी येतं: हे कशावरून?

९. श्रद्धेनं दगड राखले आहेत, आणि तिला थोडी माहितीची जोड हवी आहे.

आम्ही पाहिलेल्या वीरगळांपैकी कितीतरी शेंदरानं माखलेले होते. अक्षरं बुजलेली, चेहरे गुळगुळीत. अभ्यासक म्हणून जीव कळवळतो. पण तेच दगड जिथे पूजेत नव्हते तिथे पायरीला लागले, बांधात गेले, रस्त्याखाली गेले. गावानं त्यांना देव मानलं म्हणून ते आज आपल्याला दिसताहेत, हे कबूल केल्याशिवाय गावकऱ्यांशी बोलता येत नाही. एका गावात आजींना आम्ही सांगितलं, की हा वीर आहे, खाली लढतो आहे, मधे अप्सरा त्याला नेताहेत आणि वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे आमच्याच गावचा कुणी पोरगा होता म्हणा की.’ आणि सुनेला हाक मारून बजावलं, की यावर आता ऑइलपेंट लावायचा नाही. आमच्या सगळ्या टिपणांपेक्षा तो निरोप त्या दगडाच्या जास्त कामाचा होता.

१०. हा अभ्यास मुळातच दुसरा उद्योग असणाऱ्यांनी उभा केला आहे.

वय झाल्यावर हे कशाला, असं मला कधीकधी विचारलं जातं. तेव्हा मला मुंबईचीच परंपरा आठवते. भाऊ दाजी लाड डॉक्टर होते. रोगी तपासता तपासता त्यांनी शिलालेखांचा अभ्यास केला. त्यांनी जुनागढहून बोलावून घेतलेले भगवानलाल इंद्रजी विद्यापीठात शिकलेले नव्हते. गिरनारची लिपी ते स्वतःच्या प्रयत्नानं वाचू लागले, १८८२ मध्ये त्यांनी सोपाऱ्याच्या स्तूपाचं उत्खनन केलं आणि पुढे लायडन विद्यापीठानं त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. दामोदर कोसंबी गणिताचे. दख्खनच्या टेकड्यांवर काठी घेऊन हिंडत त्यांनी इतिहासाला नवे प्रश्न विचारले. यातल्या कुणीच फावल्या वेळाची गंमत म्हणून हे केलं नाही. शिस्त त्यांनी तज्ज्ञांइतकीच पाळली, आणि आमच्यासारख्यांनी त्यांच्याकडून घ्यायची ती हीच.

मी सध्या माहेरच्या तालुक्यातल्या वीरगळांची वही करते आहे. गाव, जागा, तोंड कुठल्या दिशेला, उंची-रुंदी, किती चौकटी, कुठल्या चौकटीत काय, कुणी माहिती सांगितली. अर्थ लावायची मला घाई नाही. तो लावायला माझ्याहून जाणकार माणसं पुढे येतील, आणि ती येतील तेव्हा दगड जागेवर नसला तरी वहीतली मापं बरोबर असली पाहिजेत.